रिपोर्टात नसलेली ओळ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात दोघा-तिघा ब्लॉगमित्रांनी "आहेस ना रे बाबा?" म्हणून विचारलं. नात्यातल्या मंडळींना कारण माहीतच आहे. माझ्या मावसबहिणीचा मुलगा दीड-दोन वर्षं आजारी होता. आता बरा आहे, शाळेत जातो, त्यामुळे हे रडगाणं नाही. हे भांडण आहे. कुणाशी, ते हळूहळू कळेल.

सुरुवात एका बाकावरून करतो.

शहादा तालुक्यातलं आमचं गाव. तिथून भाच्याला घेऊन आम्ही एका सोनोग्राफी सेंटरला गेलो होतो. पोरगं बारा वर्षांचं. बाकावर ओळीने बसलेल्या सगळ्या गरोदर बाया, त्यांच्या सासवा, आणि मध्ये हा एकटा. समोर भिंतीवर तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा फलक : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. त्याने तो दोनदा वाचला, मान खाली घातली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, हे बायकांचं असतं ना?"

मी हसलो. "नाही रे, पोट सगळ्यांनाच असतं," असं काहीतरी म्हणालो. पण पुढे जे घडलं त्यावरून वाटतं की पोराचंच बरोबर होतं. आपण सगळ्यांनी मिळून हे यंत्र 'बायकांचं' करून ठेवलंय.

आत पाच मिनिटं लागली. रिपोर्ट आला. यकृत नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, स्वादुपिंड नॉर्मल, प्लीहा नॉर्मल, दोन्ही मूत्रपिंडं नॉर्मल, मूत्राशय नॉर्मल. शेवटी एक वाक्य, की आतड्यात वायू जास्त आहे. झालं! पोटातली सगळ्यात जास्त जागा ज्याने व्यापलेली असते, ज्या ठिकाणी पोरगं बोट ठेवून "इथे दुखतं" म्हणत होतं, त्या आतड्याबद्दल एवढंच, की वायूमुळे दिसलं नाही. तुमच्या घरातला पोटाच्या सोनोग्राफीचा कुठलाही जुना रिपोर्ट काढून बघा. बहुतेक हेच सापडेल.

ताई मात्र खूश झाली. "सगळं नॉर्मल आहे म्हणे!" सगळं नॉर्मल म्हटल्यावर मग उरलं काय? अभ्यास टाळायला पोट दुखतं. बाहेरचं खातो. जंत असतील. आजीने तर निकालच लावला, "पोऱ्याले नजर लागनी शे." मिरच्या ओवाळून झाल्या, जंताच्या गोळ्या झाल्या, ॲसिडिटीची औषधं झाली. पोराचं वजन चोवीस किलोवर थांबलं होतं. तोंडात सारखे फोड यायचे, संध्याकाळी कधीमधी कणकण असायची. भाकरी खाल्ली की अर्ध्या तासाने गुडघे पोटाशी घेऊन पडायचा.

पुढची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती सांगायला हे लिहीत नाहीये. एका मोठ्या शहरात सीटी स्कॅन झाला, भूल देऊन दुर्बिणीची तपासणी झाली. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तो उजवीकडचा, अपेंडिक्सच्या शेजारचा सांधा सुजलेला निघाला. "टीबी असावा" म्हणून टीबीची औषधं सुरू झाली. पाच महिने घेतली, फरक नाही. शेवटी मुंबईला गेलो. तिथल्या एका डॉक्टरबाईंनी आधीचे सगळे कागद शांतपणे वाचले, मग स्वतःच सोनोग्राफीचं यंत्र ओढून पोराशेजारी बसल्या. पंधरा-वीस मिनिटं. पोटावर जेली लावून, हळूहळू दाबत, उजव्या बाजूला येऊन थांबल्या. ताईला म्हणाल्या, "इकडे या, बघा. ही आतड्याची भिंत. मुलांत ती ३ मिलिमीटरच्या आत हवी. ही ६ आहे. आणि हे लाल-निळं चमकतंय ना, तो वाढलेला रक्तपुरवठा. इथे आग लागलीय."

ताईने पहिल्यांदा आपल्या पोराचं दुखणं डोळ्यांनी पाहिलं. ती रडली. मला वाटतं, दीड वर्ष ज्याला आपण 'नाटकं करू नको' म्हणालो, तो खोटं बोलत नव्हता, हे दिसल्यामुळे रडली.

पुन्हा दुर्बीण झाली, तुकडे तपासले गेले, आणि निदान झालं : क्रोन्स डिसीज.

*

आता भांडणाकडे येतो. आधी कबुली : मी डॉक्टर नाही, बँकेत खर्डेघाशी करणारा माणूस आहे. पण दोन वर्षांत जे वाचलं, विचारलं, डॉक्टरांचं डोकं खाल्लं, त्यातून जे समजलं ते मांडतो.

क्रोन्स हा आतड्याला दीर्घकाळ सूज येणारा आजार. १९३२ साली न्यूयॉर्कच्या तीन डॉक्टरांनी तो नीट लिहून ठेवला, त्यातल्या बरिल क्रोन यांचं नाव त्याला चिकटलं. मुलांना झाला तर वाढ खुंटते, वजन थांबतं, वयात येणं लांबतं. पूर्ण बरा होत नाही, पण ताब्यात राहतो. आणि ताब्यात आहे की नाही हे दर काही महिन्यांनी आत डोकावून बघावं लागतं. इथेच गोम आहे. डोकावायचं कसं?

दुर्बीण घातली तर मुलांना भूल द्यावी लागते, आदल्या दिवशी पोट रिकामं करायला ते भयंकर औषध पाजावं लागतं. सीटी केला तर क्ष-किरण, आणि वाढत्या वयातल्या मुलाला ते पुन्हापुन्हा देऊ नयेत. एमआरआय उत्तम, पण भरपूर पातळ औषध पिऊन मुलाला त्या बोगद्यात निश्चल पडून राहावं लागतं. शिवाय ते यंत्र सगळीकडे असत नाही.

राहिला आवाज. सोनोग्राफी म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचा प्रतिध्वनी. ना किरण, ना सुई, ना भूल. आवाजाची कंपनसंख्या जितकी जास्त, तितकं बारीक दिसतं, पण तितकं कमी खोल जाता येतं. गर्भ बघायला वापरतात तो वक्र तोंडाचा प्रोब खोल बघतो, पण ढोबळ बघतो. आतड्याच्या भिंतीचे पदर मोजायला सपाट तोंडाचा, जास्त कंपनसंख्येचा प्रोब लागतो. आणि गंमत अशी, की तो प्रोब काही परग्रहावरून आणायचा नाही. थायरॉइड, स्तनातल्या गाठी, हातापायाच्या रक्तवाहिन्या बघायला तोच वापरतात. पुष्कळ ठिकाणी तो यंत्राला शेजारीच टांगलेला असतो. हात फक्त एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर जायचा!

बारीक मुलांच्या पोटावर चरबी नसते, आतडं कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर असतं. म्हणजे जाड्या माणसापेक्षा आमच्या नंदुरबारच्या हडकुळ्या पोरांचं आतडं जास्त स्वच्छ दिसतं. ज्या बारीकपणाने आमचा जिल्हा बदनाम आहे, तो निदान इथे तरी कामाला यावा.

"पण वायू?" वायू आवाजाला अडवतो हे खरंच. त्यावरचा इलाज १९८६ सालीच झालेला आहे. पायलार्ट नावाच्या डच डॉक्टरांनी अपेंडिक्ससाठी दाखवून दिलं, की प्रोबने हळूहळू, टप्प्याटप्प्याने दाब देत गेलं तर वायू बाजूला सरतो आणि खालचं दिसू लागतं. आमच्या डॉक्टरबाई तेच करत होत्या. म्हणजे 'वायूमुळे दिसलं नाही' हे वाक्य बऱ्याचदा 'वेळ नव्हता' असं वाचावं. कटू आहे, पण दिवसाला पन्नास-साठ माणसं तपासणाऱ्यालाही ते मनातून पटत असेल.

कुणी म्हणेल, एमआरआयच्या तुलनेत याची किंमत काय? २०१८ साली 'लॅन्सेट'च्या पोटविकारांच्या नियतकालिकात ब्रिटनमधल्या ८ रुग्णालयांचा अभ्यास आला. क्रोन्सचे २८४ रुग्ण, दोन्ही तपासण्या. लहान आतड्यात आजार आहे हे एमआरआयने ९७ टक्के रुग्णांत पकडलं, सोनोग्राफीने ९२ टक्के. आजार नेमका कुठवर पसरलाय हे सांगण्यात एमआरआय अधिक सरस ठरला, हेही सांगायला हवं. आणि ते रुग्ण १६ वर्षांवरचे होते, मुलं नव्हती. तरीही, जिथे एमआरआयपर्यंत पोचताना आठवडे जातात तिथे ९२ म्हणजे काय, हे नंदुरबारच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

सोनोग्राफी सगळं करते असं मी म्हणत नाही. तुकडा काढता येत नाही. गुदाशयाचा भाग नीट दिसत नाही. नुसत्या चित्रावरून टीबी की क्रोन्स हे ठरवता येत नाही, तिथे भलेभले चकतात. त्यामुळे भाच्याचा टीबीचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. आपल्या देशात आधी टीबीचा विचार करणं शहाणपणाचंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की औषध सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी कुणी पुन्हा भिंत मोजली असती, ती जराही उतरली नाहीये हे दिसलं असतं, तर फेरविचाराला एक आधार मिळाला असता. पाच महिने पोरगं विनाकारण झिजलं नसतं. दुर्बीण पुन्हा घालायला सगळेच कचरतात, आईबाप आणि डॉक्टरही. जेली पुन्हा लावायला कोण कचरेल?

*

आता जी उत्तरं मला मिळाली ती एकेक घेतो.

पहिलं उत्तर : "अहो, हे आजार शहरातल्या श्रीमंतांचे. नंदुरबारला कुठे?" हे मला तीन वेगवेगळ्या सुशिक्षित माणसांनी सांगितलं. शोधलंच नाही तर सापडणार कसं? लुधियानाच्या डॉ. अजित सूद आणि सहकाऱ्यांनी पंजाबात घरोघर जाऊन पाहणी केली आणि ती २००३ साली प्रसिद्ध झाली. या कुटुंबातला जो दुसरा आजार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, तो लाखात ४४ जणांना निघाला. तोवर 'भारतात हे नसतंच' असं म्हणणारे कमी नव्हते. २०२३ साली हैदराबादच्या डॉक्टरांनी तेलंगणातल्या ग्रामीण रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या खेड्यातल्या लोकांतही हे आजार सापडले, आणि शहराच्या मानाने फार मागे नाहीत. खेड्यातल्या माणसाला कुठला आजार व्हावा हे त्याच्या ऐपतीवरून ठरत नसतं!

आणि क्रोन्स राहू द्या बाजूला. आतडं नीट बघायला शिकलेला हात आणखी काय काय पकडतो? आतड्यात आतडं शिरतं, लहान बाळांत होतं हे. सोनोग्राफीत गोल चकतीसारखं दिसतं. वेळेत कळलं तर हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने, ऑपरेशनशिवाय सोडवता येतं. उशीर झाला तर आतडं सडतं. जंतांचे गुंते होऊन आतडं तुंबतं, ते दिसतं. टीबीच्या गाठी दिसतात. फुटायला आलेलं अपेंडिक्स दिसतं. हे काय श्रीमंतांचे आजार आहेत?

दुसरं उत्तर : "कायदा आडवा येतो." हे उत्तर मला सगळ्यात जास्त चीड आणतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला, २००३ मध्ये तो कडक झाला. तो हवाच होता आणि हवाच आहे. २०११ च्या जनगणनेत आमच्या खान्देशातल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८५० सुद्धा नव्हत्या. नंदुरबारात त्या ९४० च्या वर होत्या. नंदुरबारात आदिवासी दोनतृतीयांशाहून जास्त. म्हणजे ज्यांनी या यंत्राने पोरी मारल्या नाहीत त्यांच्याच पोरांना हे यंत्र नाकारायला आता कायद्याचं नाव पुढे करायचं?

कायदा काय म्हणतो ते तरी वाचा. यंत्राची नोंदणी करा. गरोदर बाईची तपासणी केली तर 'एफ' फॉर्म भरा. बारा वर्षांच्या मुलाच्या आतड्यासाठी तो फॉर्म लागत नाही. हातात नेता येणाऱ्या यंत्रांवर २०१२ पासून बंधन आहे हे खरं. पण त्याच नियमात दोन वाटा ठेवल्यात. नोंदलेल्या जागेत भरती असलेल्या रुग्णांसाठी ते वापरता येतं, आणि इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातही वापरता येतं. म्हणजे कायद्याने धडगाव-मोलगीचा रस्ता बंद केलेला नाही. आपणच त्या रस्त्याने गेलेलो नाही. पोटातली मुलगी शोधायला हे यंत्र गुपचूप कुठे कुठे पोचलं होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा रस्ते, वीज, मनुष्यबळ यांच्या अडचणी कशा आल्या नाहीत?

तिसरं उत्तर : "हे करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं हो, भरवशाचं नाही." अहो, भाकरीसुद्धा थापणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. म्हणून आपण भाकरी सोडली की पोरींना थापायला शिकवलं? हात शिकवता येतो. जगात आतड्याची सोनोग्राफी शिकवणारे गट आहेत, भिंत कशी मोजायची याच्या ठरलेल्या पद्धती आहेत.

चौथं उत्तर तर उत्तर नव्हेच, तो एक शब्द आहे : कुपोषण.

यावर जरा थांबतो, कारण माझं खरं भांडण या शब्दाशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) आमच्या जिल्ह्यात पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी आहे. यातली बहुतेक मुलं भुकेने, वारंवारच्या जुलाबांनी, आईच्याच अशक्तपणाने बारीक आहेत, हे मला मान्य आहे. त्यांना अन्नच हवं. अंगणवाडीताई वजन करतात, दंडाला पट्टी लावतात, सॅम-मॅमच्या यादीत नाव घालतात, पोषण पुनर्वसन केंद्रात धाडतात. त्यांच्या कामाला नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण वजनकाटा बाहेरून बोलतो. मूल बारीक आहे एवढंच तो सांगतो, का आहे ते सांगत नाही. 'कुपोषित' हे वर्णन आहे, निदान नव्हे. आणि ज्या जिल्ह्यात हे वर्णन इतक्या मुलांना लागू पडतं, तिथे एखादं मूल खाऊनपिऊनही वाळत असेल तर तो त्या गर्दीत हरवून जातो. पुण्यात असं मूल वेगळं दिसतं, कुणीतरी विचारतं. इथे ते शेजारच्या मुलासारखंच दिसतं. आमच्या भाच्याला शेवटपर्यंत जवळपास सगळे हेच म्हणाले, "आपल्याकडची पोरं अशीच असतात." अशीच असतात!

सहा वर्षांनंतर तर अंगणवाडीही सुटते. शाळेतल्या मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरलाच तो सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथक येतं, बघतं, पुढे पाठवतं. पण पुढे म्हणजे कुठे? जिथे पाठवलं तिथल्या रिपोर्टात आतड्याची ओळच नसेल, तर मूल 'नॉर्मल' होऊन घरी परत येणार. आणि त्या 'नॉर्मल'चा कागद पुढे वर्षभर प्रत्येक डॉक्टरला दाखवला जाणार. चुकीचा कागद हा नसलेल्या कागदापेक्षा वाईट.

*

एक गोष्ट मला राहून राहून गमतीची वाटते. हे यंत्र जन्मलं कुठे? बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला आवाज वापरत. १९५५ साली ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड तिथे पोटातून काढलेल्या गाठी मोटारीत भरून घेऊन गेले आणि त्यांनी त्या यंत्राखाली धरून पाहिल्या. १९५८ साली त्यांचा जो प्रसिद्ध निबंध आला तो पोटातल्या गाठींबद्दल होता. पोटाचा बरा न होणारा कर्करोग म्हणून सोडून दिलेली एक बाई त्यात आहे. आवाजाने दाखवलं, की ती अंडाशयाची मोठी, साधी गाठ आहे. काढली, बाई बरी झाली. म्हणजे 'आतलं काही करता येत नाही' म्हणून सोडलेल्या माणसाचं पोट बघणं, हे या यंत्राचं अगदी सुरुवातीचं काम. बाळं बघणं त्याच्या जोडीने आलं. आपण फक्त तेवढंच धरून ठेवलं.

माझा भाचा नशीबवान. बापाची थोडी बागायत, नाशिकला मामा, मुंबईला राहायला ओळखीचं घर. आता धडगावच्या वरच्या पाड्यावरचा त्याच्याच वयाचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की तळोद्याकडे उतरायची वाट बंद. अजूनही काही पाड्यांवरून आजारी माणूस बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत येतो. त्याला आपण सांगणार, सीटी करून ये, भूल देऊन तपासून ये, आणि तीन महिन्यांनी पुन्हा ये?

माझ्या भाच्याला दर तीन महिन्यांनी भिंत मोजायला मुंबईला न्यावं लागतं. रात्रीची गाडी, सुरतमार्गे. ताई-दाजींचे दोन-तीन दिवस मोडतात. तपासणी किती वेळाची? पंधरा मिनिटांची. जे यंत्र आमच्या तालुक्याच्या गावातही आहे, त्याच जातीच्या यंत्रावर.

"मागास जिल्हा, काय करणार" हे मला सांगू नका. २०२१ च्या एप्रिलमध्ये देशभर लोक ऑक्सिजनसाठी तडफडत होते, तेव्हा नंदुरबारचं नाव वेगळ्या कारणाने पेपरात आलं होतं. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी २०२० च्या सप्टेंबरातच ऑक्सिजनचा पहिला प्रकल्प उभा करून ठेवला होता. साक्रीजवळच्या सामोड्याचा, भिल्ल समाजातला हा मुलगा, स्वतः डॉक्टर. जिल्हा तोच, रस्ते तेच. कुणीतरी आधी विचार केला, एवढाच फरक. २०२० पासून नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. शिकणारे हात जिल्ह्यातच आहेत.

म्हणून माझी मागणी फार छोटी आहे. करोडोंचं यंत्र मागत नाही. मुलाच्या पोटाच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या रिपोर्टात एक ओळ वाढवा : आतडं पाहिलं, भिंतीची जाडी इतकी. नाही दिसलं तर तसं लिहा, आणि पुन्हा कधी यायचं तेही लिहा. ती ओळ लिहायची ठरली की बघावं लागेल. बघायचं तर सपाट प्रोब हातात घ्यावा लागेल, दहा मिनिटं जास्त द्यावी लागतील. त्या दहा मिनिटांचे पैसे सरकारने द्यावेत, डॉक्टरने फुकट करावं असं मी म्हणत नाही. तेवढ्याने सगळं बदलणार नाही. पण ज्या कागदावर ओळच नाही, तिथे चूकसुद्धा सापडत नाही.

*

भाच्याचं सांगायचं राहिलं. निदानानंतरचा पहिला उपचार ऐकून आम्ही चाटच पडलो. मुलांच्या क्रोन्समध्ये सुरुवातीला सहा ते आठ आठवडे फक्त पातळ पोषण देतात. डब्यातली पावडर पाण्यात कालवून, ठरलेल्या कॅलरीज मोजून. दुसरं काही खायचं नाही. सूज त्यानेच उतरते! म्हणजे अन्न हेच औषध, पण कुठलं अन्न आणि कुणाला, हे आत बघितल्याशिवाय कसं कळणार? 'कुपोषित' म्हणून त्याला आम्ही दीड वर्ष बळंबळं भाकरी आणि शेंगदाण्याचे लाडू चारत होतो.

ते आठ आठवडे घरातल्यांची परीक्षा होती. चुलीवर कळण्याची भाकरी फुगायची, ठेच्याचा ठसका घरभर उठायचा आणि हा स्टीलचा ग्लास घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. ताईने त्या दिवसांत घरात शेवभाजी केली नाही. तिसऱ्या आठवड्यात पोट दुखायचं थांबलं. आठव्या आठवड्याच्या शेवटी भिंत मोजली : ३.५. आता गोळ्या चालू आहेत, वजन एकतीस किलो.

मागच्या खेपेला मुंबईला मी बरोबर होतो. बाकावर बाया होत्याच, फलकही होता. या वेळी त्याने मान खाली घातली नाही. आत गेला, स्वतःच शर्ट वर केला आणि डॉक्टरबाईंना म्हणाला, "मॅडम, आज किती आहे ते आधी मला सांगा, मग आईला."

२.८ होतं.

असो. ब्लॉगवाल्यांनो, ज्यांच्या ओळखीत रेडिओलॉजिस्ट आहेत त्यांना हे वाचायला द्या. त्यांना राग आला तर माझ्याकडे पाठवा, मी ऐकून घेईन. आणि नातेवाईक मंडळी, तुमच्यासाठी एकच काम. घरातल्या पोराचं पोट महिनोन्‌महिने दुखतंय, वजन वाढत नाहीये, आणि हातात 'सगळं नॉर्मल'चा कागद आलाय, तर लगेच पेढे वाटू नका. काउंटरवर उभं राहून शांतपणे विचारा, "आतडं बघितलं का हो?"

ता.क. : आजी अजूनही म्हणते की नजर मिरच्यांनीच उतरली. तिच्याशी मात्र मी भांडणार नाही. :-)